उशाजवळची तीन पुस्तके

जो समीक्षक नव्हे त्याने पुस्तकांविषयी बोलण्यापूर्वी क्षमा मागावी असा प्रघात आहे. मी तो पाळीत नाही. दिवसभर फायलींवरची टिपणे वाचणाऱ्या माणसाला रात्री दिवा जवळ ओढून स्वतःच्या मर्जीने काही वाचता येते, हेच त्याचे खरे वैभव. आणि वाचलेल्याविषयी चार शब्द बोलावेसे वाटले तर त्यात अधिक्षेप नसावा. नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी लखनौस आहे. या हिवाळ्यात माझ्या उशाजवळ तीन पुस्तके होती. ती कोणत्याही योजनेने निवडलेली नव्हती. एक मित्राने दिले, एक सहकाऱ्याने माझ्या टेबलावर मुद्दाम आणून ठेवले, आणि तिसरे नख्खासच्या रविवारच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडले.

मित्राने दिलेले पुस्तक म्हणजे अब्दुल हलीम ‘शरर’ यांचे ‘गुजिश्ता लखनौ’. उर्दू लिपी मला अडखळत वाचता येते, म्हणून त्याने देवनागरीतील प्रत आणून दिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘दिलगुदाज’ या आपल्या मासिकात शररसाहेबांनी हे लेख क्रमशः लिहिले. त्यांचे बालपण कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जात गेले. इंग्रजांनी 1856 साली अवधचे राज्य खालसा केल्यावर नबाब वाजिद अली शाह तेथे जाऊन राहिले होते. म्हणजे लखनौचा लखनवीपणा या लेखकाने प्रथम पाहिला तो लखनौपासून शेकडो कोस दूर. पुस्तकात पतंग आहेत, बटेरांच्या झुंजी आहेत, अंगरखे आणि टोप्या आहेत, आणि स्वयंपाकी तर पानोपानी आहेत. बदामाचे तांदूळ आणि पिस्त्याची डाळ कोरून रांधलेली खिचडी त्यात आहे. दिल्लीच्या घराण्यातील एका शाहजाद्याला नबाबाने कोरम्यासारखा दिसणारा मुरंबा वाढून फसविले, आणि शाहजाद्याने परतफेडीच्या मेजवानीत पुलावापासून रोटीपर्यंत सारे साखरेचे मांडले, हीही कथा आहे. वरणभातावर वाढलेल्या माझ्यासारख्याला पहिल्या शंभर पानांत मौज वाटली आणि पुढे थोडा अजीर्णाचा अनुभव आला. हे शहर जे आहे ते तसे दिसू देत नाही, अशी माझी जुनी तक्रार होती. शररसाहेबांनी तिला आधार दिला. इतकेच नव्हे, त्यात कला असते हेही पटवून दिले.

दुसरे पुस्तक श्रीलाल शुक्ल यांचे ‘राग दरबारी’. ते 1968 साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. लेखक याच राज्याच्या सेवेतील अधिकारी. सहकाऱ्याने ते माझ्या टेबलावर का ठेवले असावे, हे दहा पाने वाचताच ध्यानात आले. शिवपालगंज नावाच्या गावाची ही कथा असून तीत लंगड नावाचा एक इसम आहे. तहसिलीतून त्याला एका कागदाची नक्कल हवी आहे. लाच द्यायची नाही असा त्याचा निश्चय, आणि नक्कलनवीसही हट्टाला पेटलेला. अर्जात कधी हे उणे निघते, कधी ते. सारी कादंबरी हसविते, पण लंगड आला की माझे हसू थांबत असे. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर नकलांचे किती अर्ज पडून आहेत, त्यांची यादी मी मागविली. यादी आली, ती लांब होती. तिच्याविषयी येथे अधिक सांगणे सेवानियमांत बसणार नाही. पुस्तकाविषयी माझी एकच तक्रार आहे. त्यात एकही मनुष्य असा भेटत नाही, ज्याच्यासाठी शिवपालगंज सुधारावेसे वाटावे. ही तक्रार वाङ्मयीन नसून बहुधा अधिकाऱ्याची असेल.

आता तिसऱ्या पुस्तकाकडे येतो. खरे तर त्याच्याचसाठी मी हे निमंत्रण स्वीकारले.

नख्खासच्या ढिगात मला हिंदी पुस्तक मिळाले, ‘आँखों देखा गदर’. अनुवादक अमृतलाल नागर. नागरजी या शहरातल्या चौकाचे रहिवासी. काही काळ येथील आकाशवाणीवरही ते होते. सत्तावनच्या आठवणी गोळा करीत ते अवधच्या गावोगाव हिंडले आणि 1957 साली त्यांनी ‘गदर के फूल’ लिहिले. ही नावे मला ठाऊक होती. परंतु मुखपृष्ठ उलटून पाहतो तो मूळ लेखक विष्णुभट गोडसे! वरसईचे गोडसे भटजी, ज्यांचे ‘माझा प्रवास’ मराठीत 1907 साली भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केले. मी इतिहास घेऊन एम्. ए. झालो. सत्तावनवर परीक्षेत सोळा पाने लिहिली. पण आपल्याच भाषेतले हे पुस्तक मी कधी उघडले नव्हते, आणि उघडले ते लखनौच्या फुटपाथवर, हिंदीत. त्या दिवशी मला खरोखरच लाज वाटली. कैसरबागेत भातखंड्यांच्या प्रयत्नांनी 1926 साली निघालेल्या संगीत महाविद्यालयावरून मी रोज जातो. त्यांचा मराठीत लिहिलेला मोठा ग्रंथ इकडचे विद्यार्थी हिंदीतूनच वाचतात, याचा मला केवढा अभिमान! परंतु तो उलटा लागू पडतो, हे कधी मनात आले नव्हते.

कर्ज फेडावे, चार पैसे गाठीस बांधावे, म्हणून पेणजवळच्या वरसईचा हा दरिद्री भिक्षुक बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून चुलत्याबरोबर उत्तरेस निघाला. मुलूख परका, भांगेचा आणि मोहाचा, म्हणून घरच्यांना काळजी. (माझी बदली इकडे झाली तेव्हा एका वृद्ध आत्याबाईंनी मला जवळजवळ हाच उपदेश केला होता.) तो निघाला आणि वाटेत बंड सुरू झाले. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. इतिहासकाराला न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसतात. दक्षिणा किती मिळाली, जेवायला काय होते, लपून बसल्यावर भीती कशी वाटते. झाशीच्या वाड्यातील ग्रंथसंग्रहाची लुटीत धूळधाण झाली, ती सांगताना तो माणसांच्या मरणाइतकाच कळवळतो. तो मजकूर मी रात्री दोनदा वाचला. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली राणी तृषार्त आहे, पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावे हे तिला रुचत नाही. हा प्रसंग कित्येकांनी उद्धृत केला आहे. तो त्याच्या जागी वाचला पाहिजे. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. शेवटी भटजी घरी आणतात ती आईवडिलांसाठी गंगेची कावड.

पुढे मी पुण्याहून मराठी पुस्तक मागविले, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. वैद्यांनी भटजींची भाषा नीटनेटकी केली होती, काही मजकूर गाळला, काही बदलला. मोडीतील मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली काढली. माझ्याकडे आली ती ही. नागरजींचा अनुवाद त्यापूर्वीचा, अर्थात वैद्यांच्या पाठावरचा. वैद्यांना दोष देणे मला जड जाते. 1907 साल सोपे नव्हते, आणि त्यांनी ते बाड जपले नसते तर आज काहीच हाती नसते. शिवाय कनिष्ठाचा मसुदा समोर आला की माझी लेखणी आपोआप उचलली जाते. ‘भीती वाटली’ याचे मी ‘परिस्थिती चिंताजनक होती’ असे किती वेळा केले असेल! तरीही मला पोतदारांची प्रतच अधिक आवडली. तीत वाक्ये संपता संपत नाहीत, विरामचिन्हांची वानवा आहे, पण ती वाचताना पडवीत बसून बोलणारा मनुष्य ऐकू येतो.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिचा जन्म इकडचाच. घरात ती मराठी बोलते, पण मराठी पुस्तक समोर ठेवले तर दोन पानांत थकते; हिंदी मात्र झरझर वाचते. याविषयी आमच्या घरात पूर्वी वाद झाले आहेत, आणि त्यांत मी आवाज चढवला आहे. या वेळी मी काही बोललो नाही. नागरजींचे पुस्तक तिने आपण होऊन उचलले. मग एके रात्री ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या पुस्तकात हेच आहे का, बघा बरं.” पाहिले, अगदी तेच नव्हते. तिच्या भटजींचे बोलणे माझ्या भटजींपेक्षा बरेच सुबक होते. ती म्हणाली, “मग खरं कोणतं?” एम्. ए. झालेल्या माणसाला याचे उत्तर चटकन देता आले नाही.

तेव्हापासून जेवणानंतर अर्धा तास आम्ही दोघे बसतो. ती एक परिच्छेद हिंदीतून वाचते, मी तोच मराठीतून. जेथे फरक पडतो तेथे ती माझे पुस्तक ओढून घेते आणि अडखळत, बोट ठेवून, मूळ ओळ स्वतः वाचते. तिची आई स्वयंपाकघरातून मधूनच एखादा कोकणी शब्द समजावून देते, कारण तिचे माहेर पेणच्या बाजूचे. झाशी आमची वाचून झाली. ग्रंथसंग्रहाच्या पानापाशी दोन दिवस थांबलो होतो. सध्या आम्ही काल्पीच्या वाटेवर आहोत.