कॉशन ऑर्डर अजून उठलेली नाही

(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, आणि निम्मे आयुष्य रूळ, स्लीपर आणि खडी यांच्या सहवासात गेले. त्यामुळे मी आरोग्यावर बोलणार म्हटल्यावर आपल्या चिटणीसांच्या कपाळावर आठी पडली. ते म्हणाले, "अहो, कोविड आता कुणाला ऐकायचाय? काहीतरी हलकंफुलकं घ्या." हलकेफुलके बोलणारे मंडळात पुष्कळ आहेत. मला जे बोलायचे आहे ते चार वर्षे मनात साचलेले आहे, म्हणून हट्टाने हाच विषय घेतला.

सुरुवात जुलै २०२५ पासून करतो. हासन जिल्ह्यात तरुण माणसे हृदयविकाराने अचानक गेल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या आणि इथे म्हैसूरच्या जयदेव रुग्णालयासमोर पहाटेपासून रांगा लागल्या. काही दुखत नसलेली माणसेही ईसीजी काढून घ्यायला उभी होती. आमच्या ऑफिसात तर निकालच लागला होता: "लस घेतली तीच चूक झाली." गंमत अशी की, २०२१ मध्ये त्याच लशीसाठी हीच मंडळी ओळखी काढत फिरत होती.

मग मी जे छापून आले ते वाचून काढले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ४७ रुग्णालयांत अभ्यास केला होता. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक मृत्यू पावलेल्या १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी धडधाकट माणसांची माहिती त्यात घेतली. लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो वेगळ्याच गोष्टींनी: कोविडसाठी रुग्णालयात राहावे लागलेले असणे, घराण्यात कुणी असेच अचानक गेलेले असणे, आदल्या एक-दोन दिवसांतली अतोनात दारू, अंगावर काढलेले जबर श्रम. कर्नाटक सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही लशीवर ठपका ठेवला नाही. म्हणजे आपण भ्यालो ते लशीला, आणि ज्याला जपून राहायला हवे होते तो आजार मात्र 'झाला-गेला' म्हणून सोडून दिला.

तो गेला आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी उठवली, त्याच वेळी धोका संपलेला नाही असेही सांगितले. आपण पहिले वाक्य ऐकले आणि टीव्ही बंद केला. २०२५ च्या मे-जूनमध्ये देशातील सक्रिय रुग्णांची संख्या पुन्हा सात हजारांच्या वर गेली होती. बहुतेकांना तो सर्दी-तापासारखा होऊन गेला. बहुतेकांना, सगळ्यांना नव्हे.

इथे मला माझ्या एका सहकाऱ्याबद्दल सांगायचे आहे. त्याची परवानगी घेतली आहे. नाव सांगणार नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखले तरी गप्प राहावे. सोलापूरकडचा माणूस, उन्हात दहा-बारा किलोमीटर सेक्शन चालून आल्यावर गँगमध्ये बसून भाकरी खाणारा. एप्रिल २०२१ मध्ये त्याला कोविड झाला. रुग्णालयात जावे लागले नाही. तीन आठवड्यांनी फिट सर्टिफिकेट घेऊन कामावर आला. पण दोन किलोमीटर चालला की रुळाच्या कडेला बसायचा. हातात गेज असायचा आणि माप कशाचे घेत होतो ते विसरायचा. एक्स-रे साफ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, ऑक्सिजन ९८.

मी काय केले? दहा माणसांसमोर म्हणालो, "काय राव, तुमचा कोविड अजून उतरला नाही वाटतं!" सगळे हसले, तोही हसला. बसून करण्याचे काम त्याने मागितले तेव्हा मी म्हटले, कागदावर काही दिसत नाही, मी कशाच्या जोरावर देऊ? त्या आठवड्यात तो पूर्ण सेक्शन चालला आणि त्यानंतर दोन दिवस उठला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, हे आंघोळ करून आले तरी अर्धा तास पडून राहतात. घरी कुणाला फसवणार?"

त्या दिवशी मला प्रथम कळले की, आपल्या मापाच्या उपकरणात दिसत नाही म्हणून दोष नाही असे होत नाही. आम्ही तर हे रोज पाहतो. रुळाच्या पोटातली चीर डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी अल्ट्रासॉनिक यंत्र फिरवावे लागते. रुळाला जी सवलत देतो ती माणसाला दिली नाही.

या आजाराला लाँग कोविड म्हणतात. जागतिक संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कारणाने उलगडा न होणारी लक्षणे. थकवा, धाप, डोक्यात धुके भरल्यासारखे होणे ही त्यातली नेहमीची. अनेकांच्या बाबतीत श्रम केले की त्याची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजावी लागते. म्हणून "जरा हातपाय हलवा, बरं वाटेल" हा आपला घरगुती सल्ला अशा माणसाला घातक ठरू शकतो. खडी चाळून घातलेल्या रुळावरून आम्ही पहिल्या दिवशी गाडी वीसच्या वेगाने सोडतो. पॅकिंग होत जाते तसा वेग पायरीपायरीने वाढवतो, आणि रूळ बसत नसेल तर वाढवत नाही. लोको पायलटला कॉशन ऑर्डर मिळते, तो ती सही करून घेतो, "उगाच काय हळू" म्हणून वाद घालत नाही. गाडी बंदही नाही आणि भरधावही नाही. या पाच वर्षांत आपल्याला दोनच गोष्टी जमल्या: मार्च २०२० मध्ये सगळे बंद, आणि नंतर सगळे भरधाव.

एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस निघाली तेव्हा आपण रेल्वेवाल्यांनी छाती फुगवली, आणि ते योग्यच होते. पण आंघोळीनंतर अर्धा तास पडून राहणाऱ्या माणसासाठी कुणी हिरवा झेंडा दाखवत नाही.

आता बूस्टरविषयी. "पुन्हा पुन्हा टोचायची तर ती लस कसली?" हा प्रश्न मला याच हॉलमध्ये विचारला गेला आहे. याचे उत्तर म्हैसूरच्याच इतिहासात आहे. १८०५ च्या सुमाराचे, टॉमस हिकी या चित्रकाराचे मानले जाणारे वोडेयर घराण्यातील तीन स्त्रियांचे एक चित्र आहे. त्यातली एक दंडावरचा पदर सारून उभी आहे. देवीची लस टोचल्याची खूण ती दाखवते आहे, असे एका अभ्यासकाचे मत आहे. राजघराण्याने पुढे होऊन टोचून घेतले म्हणजे प्रजेची भीती जाईल, असा हिशेब. तेव्हा समजूत होती की एकदा टोचले की जन्माची निश्चिंती. पुढे अनुभवाने कळले की जोर ओसरतो, पुन्हा टोचावे लागते. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या दोन-दोन खुणा असत त्या उगाच नव्हेत.

प्लेगचेही तेच. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचली. तिचे संरक्षण काही महिनेच टिके. ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग बंगळुरात आला तो हुबळीकडून, आमच्याच रेल्वेने. हे रेल्वेवाला म्हणून कबूल करतो. पुढे तो म्हैसुरात पसरला आणि वर्षानुवर्षे परत येत राहिला. लोकांनी गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या, परत आले, पुन्हा गेले. दरम्यान १९०३ मध्ये इथे नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले, दाट वस्ती मोकळी करणे, रुंद रस्ते, गटारे ही कामे निघाली. पुढे त्याचेच 'मुडा' झाले (त्यावर आज नको). म्हैसूरच्या ज्या हवेशीर रस्त्यांचे आपण पाहुण्यांपुढे कौतुक करतो, त्यांतले काही त्या भीतीने केलेले शहाणपणाचे काम आहे.

आपल्या देशात कोविडच्या लशीचा दुसरा डोस ९५ कोटींहून अधिक लोकांनी घेतला, प्रिकॉशन डोस २३ कोटींच्या आत राहिला. जुलै ते सप्टेंबर २०२२ असे ७५ दिवस तो सरकारी केंद्रांवर सर्व प्रौढांना फुकट होता, तरी. तशी मोहीम आता नाही, आणि प्रत्येकाने दरवर्षी टोचून घ्यावे असे कुणी म्हणतही नाही. पण फार वय झालेले, अनेक व्याधी असलेले, मूत्रपिंड बदललेले किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेले यांनी आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न मुद्दाम विचारावा. व्हॉट्सॲपला विचारू नये. लशीने संसर्ग दर वेळी टळत नाही. गंभीर होण्याची शक्यता कमी होते, आणि लाँग कोविडचीही काही प्रमाणात. काही प्रमाणातच, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मंडळापुरते बोलायचे तर कार्यकारिणीने माझ्या तीन सूचना मान्य केल्या आहेत. आरतीच्या वेळी हॉलच्या खिडक्या उघड्या राहतील. डेकोरेशनवाल्याने पडदे लावून त्या बंद करू नयेत. ज्याला सर्दी-ताप आहे त्याने प्रसाद वाटायला उभे राहू नये, मग तो वर्षानुवर्षे वाटणारा मानकरी का असेना. आणि दाराजवळ चार खुर्च्या कायम मोकळ्या राहतील. तिथे कुणी मास्क लावून बसले तर वळून पाहू नये.

माझा तो सहकारी आता बसून करण्याचे काम करतो. चांगले दिवस असतात, वाईटही असतात. गेली चार वर्षे तो आपल्या गणपतीला आलेला नाही. त्याचे कारण फक्त जिने आणि गर्दी नव्हे, "अजून बरं नाही का?" हा प्रश्न शंभर वेळा ऐकावा लागतो म्हणून. मी त्याला तिसऱ्या दिवशी दुपारी चारला यायला सांगितले आहे, त्या वेळी हॉल रिकामा असतो. वहिनीही येतील. त्या वेळी इथे जे कुणी असतील त्यांनी त्याला तो प्रश्न विचारू नये. चहा विचारावा. साखर कमी घेतो.