कडबाकुट्टीचे तोंड आणि भिशांचे यंत्र

(पिंपरी-चिंचवड-चाकण भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी जे नाशिक रस्त्याने आले त्यांनी मोशीपासून चाकणपर्यंत दोन्ही बाजूंचे कारखाने पाहिले असतील. जिथे कांदा आणि ज्वारी व्हायची तिथे आज मोटारी होतात. त्या जमिनींचा हिशेब आज काढायचा नाही, त्यासाठी वेगळी बैठक लागेल. मी बोलणार आहे ते यंत्रांबद्दल. मी भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षे फिटर होतो आणि घरी खेड तालुक्यात तीन एकर कोरडवाहू. म्हणजे दिवसा एक यंत्र, संध्याकाळी दुसरे.

माझ्या चुलतभावाची तीन बोटे कडबाकुट्टीत गेली. वैरण सारत होता, मोटर चालू होती, ओला मका रुळात अडकला, त्याने हाताने रेटला. पुढचे सांगत नाही. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता, "अरे, लक्ष कुठे होते तुझे?" आई बोलली, मेहुणा बोलला, मीही बोललो. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता, जणू बोटे गेली हा त्याचाच गुन्हा.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. आमच्या प्रेसला दोन बटणे होती, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या हाताला, मध्ये चांगले हातभर अंतर. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. दोन्ही हात बटणावर, मग डायखाली हात राहणार कुठून? कामगाराचे लक्ष असो नसो, रात्रपाळीत डुलकी लागो, बायकोशी भांडून आलेला असो, प्रेस हात मागत नाही. मोठ्या कारखान्यांत तर आता प्रकाशाचा पडदा असतो. किरणांच्या आड हात आला की यंत्र जागच्या जागी थांबते. कारखान्यात माणसाच्या चुकीचा हिशेब आधीच धरलेला असतो. तिथून दहा मैलांवर गोठ्यात उघडी पाती फिरतात आणि आपण म्हणतो, लक्ष कुठे होते?

(एवढे मात्र सांगतो, की सगळ्याच वर्कशॉपमध्ये ती दोन बटणे चालू नसतात. एका बटणात खडा खोचून ठेवला की माल जास्त निघतो. असे खडे मी पाहिले आहेत. पीस-रेटचा पैसा कसा मिळतो ते सांगायला नको.)

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न बसला. हे दोन बटणांचे डोके कुणी तरी चालवलेच ना? मग आमच्या गोठ्यासाठी कुणी का चालवत नाही? शोधता शोधता मला एका मराठी माणसाची हकीकत सापडली. ती तुम्हाला सांगायची आहे, कारण त्याचे नाव आपल्या पोरांच्या तोंडी नाही.

शंकर आबाजी भिसे. जन्म २९ एप्रिल १८६७, मुंबई. चौदाव्या वर्षी या मुलाने घरातच कोळशापासून जळाऊ वायू तयार करणारे उपकरण बनवले. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेलेला नव्हता. यंत्रविद्या शिकला ती 'सायंटिफिक अमेरिकन' नावाचे मासिक वाचून, आणि हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. विशी-पंचविशीत त्याने मुंबईच्या लोकलसाठी पुढचे स्टेशन कोणते ते डब्यात दाखवणारी पाटी शोधली. कुणी मध्येच उघडून भेसळ करू शकणार नाही अशी बाटली शोधली. आज लोकलमध्ये दिव्यांची पाटी "पुढील स्टेशन" दाखवते, तेव्हा मला हा माणूस आठवतो.

मग लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा लावली, किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची. भिशांनी मुंबईत बसून आराखडा काढून पाठवला आणि विलायतेतल्या लोकांच्या नाकावर टिच्चून बक्षीस घेतले. आपल्या माणसाला तराजूचे महत्त्व कुणी शिकवावे लागत नाही. आडतीवर काटा कसा मारतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला माणसाचा हात न लागता तोलणारे यंत्र म्हणजे काय ते लगेच कळते.

त्या जोरावर भिसे लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजी होते. हिंदुस्थानची लूट आकड्यांनी मांडणारे हे म्हातारे गृहस्थ या तरुणाच्या पाठीशी उभे राहिले, पैसाही घातला. भिशांनी तिथे काय काय केले! विजेच्या दिव्यांची जाहिरातीची पाटी केली, ती क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. आपोआप पाणी सुटणारा संडास केला. स्वयंपाकघरातली उपकरणे केली, टेलिफोनवर काम केले. जवळजवळ २०० शोध आणि चाळीसएक पेटंटे त्यांच्या नावावर सांगतात. अमेरिकेतले लोक त्यांना हिंदुस्थानचे एडिसन म्हणत. मला हे नाव फारसे आवडत नाही. एडिसनच्या मागे प्रयोगशाळा होती, पैसेवाले होते. भिशांच्या मागे काय होते ते पुढे पाहा.

त्यांचा मोठा शोध छापखान्याचा. पूर्वी छपाईसाठी शिशाचे खिळे ओतावे लागत. खिळे ओतण्याची यंत्रे फार सावकाश चालत. त्या धंद्यातल्या जाणकारांनी सांगितले की याहून वेगाने ओतणे शक्य नाही. भिशांनी 'भिसोटाइप' बनवले. मिनिटाला १,२०० खिळे ओतणारे यंत्र अशी त्याची ख्याती झाली.

आता कुणालाही वाटेल, माणसाचे सोने झाले. झाले उलटे. यंत्र बाजारात आणायला भांडवल लागते. लंडनमध्ये हिंडमन नावाच्या पुढाऱ्याने पैसा उभा करून देण्याचे वचन दिले, पण पैसा आलाच नाही. १९०८ च्या अखेरीस भिशांना तिथले काम बंद करून मुंबईची बोट धरावी लागली. त्या बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी हे प्रकरण जाणले आणि सर रतन टाटांपर्यंत पोहोचवले. टाटांच्या मदतीने पुन्हा लंडनमध्ये काम सुरू झाले, पण तेही टिकले नाही. १९१६ च्या सुमारास भिसे अमेरिकेला गेले. तिथे पुन्हा खिळ्यांचे सुधारलेले यंत्र केले, आयोडीनचे एक औषध काढले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले.

ज्याने एवढी यंत्रे बनवली त्याचे यंत्र मुंबईच्या छापखान्यांत का रुळले नाही? माझे उत्तर असे. भिसे यंत्र बनवत होते विलायतेच्या बाजारासाठी आणि पैसा मागत होते मोठ्या माणसांकडे. गिऱ्हाईक त्यांच्या दाराशी नव्हते. माझे चुकत असेल, शिकलेल्या लोकांनी मला सांगावे.

पण शेजारी दुसरे उदाहरण ठेवून बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९, भिशांपेक्षा दोन वर्षांनी धाकटे. बेळगावात सायकलींचे दुकान. त्यांनी काय बनवले? कडबा कापायचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. आज आपण हसतो, पण त्या शेतकऱ्याला हसू नका. नांगर मोडला तर लाकडाचा सुतार गावात होता, लोखंडाचा फाळ ओतणारा नव्हता. त्याची शंका विषाची म्हणून खोटी, पण सावधपणा खरा होता. किर्लोस्करांनी एकेका शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून नांगर सुधारला. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे गिऱ्हाईक बांधावर उभे होते, शिव्या देत होते, पण समोर होते.

आणि तिसरे उदाहरण आपल्या काळातले. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे, दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली त्यांना धानाच्या शेतात वेगळी लोंबी दिसली. ती जपून ठेवली, पुन्हा लावली, वर्षानुवर्षे निवडत गेले, आणि त्यातून एचएमटी तांदूळ झाला. घड्याळाच्या नावावरून नाव पडले, कारण तेव्हा एचएमटीचे घड्याळ म्हणजे ऐट. हा तांदूळ महाराष्ट्राबाहेरही गेला. बियाणे विकून व्यापारी मोठे झाले. दादाजींना पारितोषिके मिळाली, ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा बातम्याही छापून आल्या. घरची गरिबी हटली नाही.

म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, त्या लिहून घ्या. यंत्रात तुम्ही नवे काही केले असेल तर ते प्रदर्शनात मांडण्याआधी, दुकानदाराला दाखवण्याआधी पेटंटचा अर्ज टाका. आधी उघड केले की ते नवे राहत नाही. अर्ज आधी कच्चा देता येतो, मग बारा महिन्यांत पुरा करायचा. मुंबईला पेटंट कचेरी आहे, घरबसल्या संगणकावरूनही अर्ज जातो. एकट्या माणसाला पहिली फी कंपनीपेक्षा फार कमी आहे, पण तपासणीची फी वेगळी भरावी लागते, ती विसरू नका. मंजूर झाले तर हक्क वीस वर्षांचा. आणि बियाण्याचे वाण निवडले असेल तर ते पेटंटात बसत नाही. त्याला २००१ चा वेगळा कायदा आहे, त्यात शेतकऱ्याला आपले वाण आपल्या नावावर नोंदवता येते. दादाजींनी निवड सुरू केली तेव्हा हा कायदा नव्हता.

आता पुन्हा गोठ्याकडे. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो मळणी यंत्रांवरून. पंजाब-हरियाणात गव्हाच्या मळणीत इतके हात तुटले की दिल्लीला जाग आली. मळणी यंत्राच्या तोंडाची मापे सरकारी मानकात ठरलेली आहेत. माल सारायची पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली. का? कारण झाकलेल्या भागाने हात आत जाण्याआधीच अडतो. एवढीच गोष्ट आहे, पत्र्याचा एक तुकडा. दिल्लीच्या आयआयटीतल्या लोकांनी कडबाकुट्टीसाठीही अशाच साध्या सोयी करून दाखवल्या आहेत. पात्यांवर जाळी, रुळांच्या अलीकडे एक मोकळा रूळ, बोटे त्याला लागली की कळते, आणि यंत्र बंद असताना चाक अडकवून ठेवायची खीळ, म्हणजे पोरांनी खेळता खेळता फिरवू नये.

ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचे तेच. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, पदर, उपरण्याचे टोक, काहीही अडकले तर "अरे" म्हणायला वेळ मिळत नाही. नव्या ट्रॅक्टरबरोबर शाफ्टचे झाकण येते. ते आपण पहिल्याच महिन्यात काढून कोपऱ्यात टाकतो, ग्रीस द्यायला अडचण होते म्हणून. कारखान्यातल्या खड्यासारखेच हे. झाकण बनवणाऱ्याने ग्रीसचे भोक ठेवले असते तर आपण ते काढले नसते. किर्लोस्करांनी बांधावर उभे राहून ऐकले, तसे हे कुणी ऐकले नाही.

आणि उसाच्या ट्रॉल्या. रात्री चाकण-शिक्रापूर रस्त्यावर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला बंद पडलेली ट्रॉली दिसत नाही. लाल चमकणारी पट्टी मागे लावायला फार तर दोनशे रुपये. यात शोध काहीच नाही, पण भिशांच्या स्टेशनच्या पाटीत तरी काय होते? समोर काय आहे ते माणसाला वेळेवर कळावे, एवढेच.

मी चुलतभावाच्या कडबाकुट्टीला भंगारातल्या पत्र्याची लांब पन्हळ बसवली. पहिली बिघडली, ओला मका अडकू लागला. उतार कमी होता. दुसरी रुंद झाली, तिच्यातून हात जात होता. तिसरी चालते आहे. रुळ उलटे फिरवायला एक दांडा केला आहे, माल अडकला की हात न घालता मागे येतो. उलट फिरवायचा दांडा काही माझा शोध नाही, पूर्वीपासून मोठ्या यंत्रांना असतो. मी फक्त लहान यंत्राला बसवला. चुलतभाऊ आता उरलेल्या बोटांनी वैरण सारतो.

ते यंत्र ट्रॉलीत घालून आणले आहे, बाहेर चिंचेखाली उभे आहे. बैठक सुटल्यावर बघा. कडब्याच्या चार पेंढ्याही आहेत, चालवून बघा. ज्यांच्याकडे ओला मका जास्त असतो, त्यांनी पन्हळीच्या उताराबद्दल मला सांगावे. तिथे अजून थोडे अडते.