डेटाबेसमध्ये कोण येते, हे सांगता आले पाहिजे



 अधिवेशनाच्या अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. आज मात्र मी एकाच विषयावर बोलणार आहे, कारण रोजच्या धावपळीत तो नेहमी मागे पडतो. क्लाउडवरच्या ज्या डेटाबेसची जबाबदारी आपल्यावर आहे, त्याला प्रत्यक्षात कोणकोणती युजर अकाउंट्स जोडली जातात, हे आपण पुराव्यानिशी सांगू शकतो का?

२०२४ साली स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेसच्या अनेक ग्राहकांची माहिती चोरीला गेली. तपास करणाऱ्या मँडियंट कंपनीने जूनमध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे १६५ संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली होती. स्नोफ्लेकची स्वतःची यंत्रणा फोडल्याचा पुरावा मिळाला नाही. चोर खऱ्या अकाउंटचे खरे पासवर्ड वापरून, रीतसर लॉगिन करून आत आले होते. त्या अकाउंट्सना दुसऱ्या टप्प्याची ओळखतपासणी नव्हती. मालवेअरने पासवर्ड पळवल्याची सर्वात जुनी घटना तर नोव्हेंबर २०२० मधली होती, आणि तरीही तो पासवर्ड चालत होता. नंतर ग्राहकांना शोध घ्यावा लागला तो लॉगिनच्या इतिहासातच. कोणत्या अकाउंटने, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या सॉफ्टवेअरमधून जोडणी केली, हे तिथे नोंदलेले होते. म्हणजे खुणा होत्याच, पण त्या वेळेवर कोणी वाचल्या नाहीत.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्यापैकी पुष्कळ जण पोस्टग्रेसक्यूएल वापरतात. त्यात रोल्सची यादी मिळते, पण ती शाळेच्या पटासारखी असते. नाव पटावर आहे म्हणून मूल वर्गात येते, असे होत नाही. ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ पाहिले, तर या क्षणी कोण जोडलेले आहे तेवढेच कळते. रात्री दोन वाजता येऊन तीन मिनिटांत निघून गेलेला सकाळी तिथे दिसत नाही. अमुक रोलने शेवटचे लॉगिन कधी केले, हे पोस्टग्रेसक्यूएल आपणहून जपून ठेवत नाही. त्यासाठी ‘लॉग_कनेक्शन्स’ चालू करावे लागते, आणि मुळात ते बंद असते.

चालू केले तरी दोन अडचणी राहतात. पहिली, लॉग सुरू होण्याआधीच जोडलेली आणि महिनोन्‌महिने न तुटलेली जोडणी त्या लॉगमध्ये येतच नाही. म्हणून लॉग आणि चालू जोडण्यांची यादी, दोन्ही एकत्र वाचावी लागतात. दुसरी, मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर असेल, तर डेटाबेसला दिसतो तो पूलरचा पत्ता. मूळ जोडणी कुठून आली, याचा माग पूलरच्या लॉगमध्ये शोधावा लागतो. ‘अ‍ॅप्लिकेशन_नेम’ उपयोगी पडते, पण ते जोडणारा स्वतः लिहितो. त्याला पुरावा मानू नका, धागा माना.

अ‍ॅमेझॉन आरडीएसवर हे लॉग मुळात तीन दिवस राहतात आणि वाढवून सात दिवस ठेवता येतात. त्याहून जास्त काळ हवे असतील, तर ते क्लाउडवॉचसारख्या ठिकाणी पाठवावे लागतात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार मात्र लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम तर असे लॉग वर्षभर ठेवायला सांगतात. सुरक्षेच्या उपायांत कसूर झाली, तर या कायद्याखाली २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीन दिवस आणि एक वर्ष यांतले अंतर क्लाउडची कंपनी आपल्यासाठी भरून काढत नाही. ते आपल्यालाच भरून काढायचे आहे.

काही उत्साही सहकारी महिनाभर शांत असलेले अकाउंट सरळ उडवतात. माझा त्याला विरोध आहे. आपल्याकडे कितीतरी कामे ३१ मार्चलाच जागी होतात. वार्षिक ताळेबंद, व्याजाची आकारणी, लेखापरीक्षकांचे अहवाल ही त्यांतलीच. म्हणून नोंद किमान एका वर्षअखेरीतून गेलेली असावी. त्यानंतरही संशय असेल, तर आधी ‘नोलॉगिन’ करा. त्याने नवे लॉगिन थांबते, चालू जोडणी तुटत नाही. ती वेगळी तोडावी लागते. मग वाट पाहा. कोणाचे काही अडले नाही, तर त्या रोलच्या मालकीची टेबले दुसऱ्याकडे सोपवा आणि मगच तो काढा.

या साऱ्यामागे माझी खरी कळकळ माणसांसाठी आहे. पाच जण मिळून एकच अकाउंट वापरतात आणि एके दिवशी एखादे टेबल रिकामे होते. तेव्हा संशय कोणावर जातो? बहुधा नव्याने लागलेल्या मुलावर किंवा कंत्राटी मुलीवर. आपण काही केले नाही, हे सिद्ध करायला त्यांच्या हाती काहीच नसते. स्वतंत्र अकाउंट आणि जोडणीची नोंद हे अशा निर्दोष सहकाऱ्याचे संरक्षण आहे. आणि ज्यांचे खाते, आजार, पगार, जमीन आपल्या टेबलांत नोंदलेली आहे, त्या नागरिकांचा तर तो हक्कच आहे.

म्हणून अध्यक्ष या नात्याने आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. परत गेल्यावर या महिन्यातच जोडण्यांची नोंद सुरू करा आणि ती वर्षभर टिकेल अशा जागी ठेवा. प्रत्येक अकाउंटसमोर त्याला जबाबदार असलेल्या एका माणसाचे नाव लिहा. नाव सापडत नसेल, तर त्या अकाउंटपासूनच तपास सुरू करा. आणि दर तिमाहीला ही यादी प्रत्यक्ष जोडण्यांशी ताडून वरिष्ठांच्या सहीने फाइलला लावा. पुढच्या अधिवेशनात प्रत्येकाने आपला अनुभव इथे मांडावा, असा ठराव आज आपण करावा, ही विनंती करून मी थांबतो.