तिसरा कोन

(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीविषयी बोलावे, असा प्रघात आहे. ती वाटचाल अहवालात सविस्तर आलीच आहे. म्हणून आपल्या अनुमतीने मी दहावीच्या गणितातील एका प्रकरणाविषयी बोलणार आहे. त्रिकोणमिती हे नाव ऐकताच काही पालक खुर्चीत सावरून बसले, हे मला इथून दिसते आहे.

त्रिकोणाला तीन बाजू आणि तीन कोन, अशी सहा अंगे. त्यांतील एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेली तिन्ही अंगे गणिताने हाती येतात. तिसरा कोन १८० अंशांतून वजाबाकीने मिळतो. प्रत्येक बाजू आणि तिच्यासमोरील कोनाची ज्या यांचे गुणोत्तर सारखेच असल्यामुळे राहिलेल्या बाजूही निघतात. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. भास्कराचार्यांनी ११५० मधील सिद्धान्तशिरोमणीत दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत दिली आहे. हाच शब्द संस्कृतातून अरबीत आणि अरबीतून लॅटिनमध्ये जाताना भाषांतराच्या गोंधळात ‘साइन’ झाला. तेव्हा मराठी माध्यमातील मुलीने साइन म्हणताना बिचकण्याचे कारण नाही. लेक नाव बदलून माहेरी आली आहे, इतकेच.

एका बाजूवरून सारे मिळते खरे, परंतु ती एक बाजू जमिनीवर उतरूनच मोजावी लागते. १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची अशी पायारेषा साखळीने मोजली, आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो पुढे निघाला. वाटेतच, १८२३ च्या जानेवारीत, हिंगणघाटला त्याचे देहावसान झाले. त्याची कबर तिथेच आहे. आपल्यापैकी ज्यांचे सोयरे वर्ध्याकडे आहेत त्यांनी कधी अवश्य जावे.

पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले आणि ते आपल्या परिसरात आले. १८२४-२५ मध्ये सिरोंजजवळ नवी पायारेषा मोजली गेली. तेथून त्रिकोणांची साखळी आपल्या पश्चिमेकडून, ग्वाल्हेरच्या मुलखातून डेहराडूनकडे गेली. डेहराडूनला १८३४-३५ मध्ये आणखी एक पायारेषा धातूच्या खास पट्ट्यांनी प्रत्यक्ष मोजण्यात आली. सिरोंजवरून गणिताने आलेली तिची लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत काही फुटांचे अंतर पडले. तेव्हा ही मंडळी परत फिरली, सिरोंजची रेषा १८३७-३८ मध्ये त्याच पट्ट्यांनी पुन्हा मोजली, आणि तो फरक सुमारे सात इंचांवर आला. मध्ये सातशे किलोमीटरांचे डोंगर, नद्या आणि जंगले होती, हे ध्यानात घ्यावे.

या कथेत मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो तिसरा कोन. वजाबाकीने मिळणारा असूनही तो मोजला जात असे. तिन्ही कोनांची बेरीज जुळली नाही, तर कुठे तरी हात चुकला आहे, हे तिथल्या तिथे कळे. त्यातही एक गंमत आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या मोठ्या त्रिकोणांच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिकच यावी लागते. दर दोनशे चौरस किलोमीटरांमागे सुमारे एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. तीही हिशेबात धरलेली असे.

आमच्या मुलांना पुस्तकात कोन आयते मिळतात, आणि तेही ३०, ४५ किंवा ६०. उत्तर शेवटच्या पानाशी जुळले की काम संपले. म्हणून आता आम्ही कोनमापक, कागदाची नळी, दोरा आणि ओळंबा यांचे साधे यंत्र करून वर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी नेतो. समजा, एका जागेवरून बुरुजाचा माथा ३० अंशांवर दिसला आणि सपाटीवरून २० मीटर पुढे गेल्यावर ४५ अंशांवर. गणित सांगते, माथा नजरेच्या पातळीपासून २७.३ मीटर उंच. त्यात डोळ्यांची उंची मिळवायची. पण ३० च्या जागी चुकून ३१ वाचले, तर हेच उत्तर ३०.१ येते. एका अंशाने जवळजवळ तीन मीटर! हे फळ्यावर सांगून पटत नाही. मुले मग तिसऱ्या जागेवरून पुन्हा मोजतात, भांडतात, आणि ओळंबा वाऱ्याने हलत होता हे स्वतः शोधून काढतात.

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलते. आपल्या उत्तर प्रदेश बोर्डात हायस्कूलच्या मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा वर्षानुवर्षे राहिली आहे. गृहविज्ञान मी मुळीच कमी लेखत नाही. मात्र तो पर्याय बहुधा आवडीने निवडला जात नाही, गणिताच्या धास्तीने निवडला जातो. आणि पुष्कळदा ती धास्ती मुलीची नसून घरातील मोठ्यांची असते. चौदाव्या वर्षी भरलेल्या त्या एका रकान्यामुळे अभियांत्रिकीची, वास्तुशास्त्राची आणि कितीतरी नोकऱ्यांची दारे बंद होतात. रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले आपले माजी विद्यार्थी समोर बसले आहेत. त्यांना हे अधिक सांगायला नको. त्यांच्यापाशी एक मागणेही आहे: प्रवेशद्वाराशी स्वागतकमान उभारण्याचा जो विचार चालू आहे, त्याऐवजी शाळेला एक थिओडोलाइट द्यावा, वापरलेला असला तरी चालेल.

आणि पालकहो, नववीच्या नोंदणीचा अर्ज भरण्यापूर्वी एका रविवारी सकाळी सात वाजता मुलीला किल्ल्याच्या पायथ्याशी पाठवावे. फीत आणि ओळंबा शाळा देईल. वही तिने आणावी.