घर आपलं, वाट शेजाऱ्याची



आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वहिवाटीच्या भांडणांना तोटा नाही. घर तुमचं, विहीर तुमची, माड तुमचे. पण रस्त्याला लागायचं तर शेजाऱ्याच्या आगरातून. शेजारी भला असेतो कुणाला काही आठवत नाही. त्याने एके सकाळी गडगा घातला, की कोर्टाच्या पायऱ्या आल्या.

आज बोलणार आहे मात्र संगणकाविषयी. माझा पहिला कवितासंग्रह नव्वदीच्या दशकात निघाला. अक्षरजुळणीचा फॉन्ट विकतचा, आणि त्याला संगणकामागे खोचायचं लॉक. लॉक नाही तर फॉन्ट नाही. पुढे ते डीटीपीचं दुकान बंद झालं आणि माझ्याकडे फक्त फ्लॉपी उरली. फाइल उघडली तर कवितेच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं. माझ्याच कविता मला वाचता येईनात! छापील प्रत एकच, आणि तिलाही कसर लागलेली.

गेल्या वर्षी भाच्याने तिची पानं स्कॅन करून मराठी विकिस्रोतासाठी घेतली. हक्क माझेच असल्याने मी मुक्त परवाना दिला. विकिस्रोत ज्यावर चालतं ते मीडियाविकी मुक्त सॉफ्टवेअर आहे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. ते कुणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, वाटावं. पण पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखायची, तर आमच्यासमोर दोन वाटा होत्या. एक टेसरॅक्ट. एचपी कंपनीत जन्मलेलं हे सॉफ्टवेअर 2005 साली सर्वांसाठी खुलं झालं. दुसरी गूगलची सेवा. तिच्या पोटात काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. भाच्याने दोन्ही चालवून दाखवल्या. टेसरॅक्टने माझ्या 'नमाज'चा 'समाज' केला. अर्थ वाईट नव्हता, पण तो मी लिहिलेला नव्हता. गूगलने जवळजवळ सगळं बरोबर वाचलं.

मग भाचाच म्हणाला, "मामू, त्यांनी उद्या दार लावलं तर?"

जे सॉफ्टवेअर स्वतः मुक्त आहे, पण कुणा कंपनीच्या बंद सेवेवर जगतं, त्याला मुक्तांच्या पंक्तीला बसवावं का? जगात यावर पुष्कळ वाद झाला आहे. डेबियन या मंडळींनी 1997 साली आपला सामाजिक करार लिहिला. स्वतः मुक्त, पण चालायला अमुक्त प्रोग्रॅम लागतो, अशांसाठी त्यांनी 'काँट्रिब' नावाची वेगळी पडवी ठेवली. माजघरात प्रवेश नाही. मोबाइलसाठी मुक्त अ‍ॅप पुरवणारं एफ-ड्रॉइड 2010 पासूनचं. ते बंद सेवेवर विसंबणारं अ‍ॅप घेतं, पण त्यावर तशी खूण करतं. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकाना असतो ना, तसंच. जमीन तुमच्याच नावावर, पण बोजा लिहिलेला. घेणाऱ्याने वाचून घ्यावं.

मला एफ-ड्रॉइडची रीत पटते. मात्र खूण झाकलेली नको, आणि दार लागल्यावर हातात काय उरतं तेही पाहावं. ऑर्कुट 2014 साली बंद झालं तेव्हा ऑर्कुटसाठीच लिहिलेला प्रोग्रॅम कितीही मुक्त असता, तरी तो उघडून पुढे काय करायचं होतं? विकिस्रोताचं तसं नाही. गूगलने वाचून दिलेला मजकूर युनिकोडमध्ये तिथेच राहतो, माणसं तो तपासतात. उद्या सेवा थांबली, तरी झालेलं पान कुठे जात नाही. म्हणून ती वाट मी वापरली. माझ्या फ्लॉपीपेक्षा हे बरं.

तरी मन पुरतं निवांत नाही. शेजाऱ्याची वाट सोयीची म्हणून आम्ही कोकणातली माणसं पन्नास वर्षं तिथूनच जातो आणि आपली पाखाडी बांधायची राहून जाते. टेसरॅक्टला मराठीचे नमुने देऊन शिकवता येतं. तपासलेली पानं त्या कामी येऊ शकतात. पण गूगल समोर असताना तो खटाटोप कोण करणार? मीही नाही केला, हे कबूल करतो.

आता रोज संध्याकाळी दोन पानं तपासतो. एका पानावर कसरीने ओळीच्या मधोमध भोक पाडलं आहे. तिथे दोन्ही यंत्रं अडली. तो शब्द मलाही आठवत नाही. सध्या तिथे टिंबं ठेवली आहेत.