खेळ खेळणें आणि खेळ रचणें



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराला शोभणारा आहे कीं नाहीं, याची मला स्वतःलाच शंका आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारी नोकरी अलिबाग-रेवदंड्याच्या किनारपट्टीवर मुलांना शुद्धलेखन आणि गणित शिकविण्यांत गेली. ज्यांना आपण व्हिडिओ गेम म्हणतों, त्या खेळांशीं माझा संबंध नातवंडांच्या हातून मोबाइल काढून घेण्यापुरताच. परंतु दोन वर्षांपूर्वीं असा एक प्रसंग आला कीं, या धंद्याची माहिती करून घेणें मला भाग पडलें.

नारळ-सुपारीची लहानशी वाडी असलेले एक गृहस्थ, माझेच जुने विद्यार्थी, एका सायंकाळीं आपल्या मुलास घेऊन आले. "गुरुजी, ह्याला गेम बनवायचे आहेत. शहरांतल्या एका खासगी संस्थेनें फीचा कागद दिला आहे. अर्धी वाडी काढली तर भागेल. काय करूं?" मीं कागद पाहिला. त्यावर हंसऱ्या मुलामुलींचीं चित्रें होतीं आणि नोकरी जणूं दारांतच उभी आहे अशी भाषा होती. 'हमी' हा शब्द मात्र चष्मा पुसून शोधला तरी सांपडला नाहीं. मुलानें कांहीं न बोलतां आपली वही पुढें ठेविली. तींत सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतें होतीं, १७२१ सालीं इंग्रज आणि पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर केलेल्या व फसलेल्या स्वारीचा नकाशा होता, आणि कडेला भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या होत्या. पोरगा नुसता खेळण्याच्या नादीं लागलेला नव्हता. म्हणूनच 'आधीं अभ्यास कर' असें ठराविक उत्तर देऊन मला त्याची बोळवण करतां येईना.

माझे कांहीं विद्यार्थी पुण्यास याच व्यवसायांत आहेत. त्यांच्याकडे मीं चौकशी केली. एकानें दोन वर्षें केवळ खुर्च्या, पिंपें आणि दारें घडविलीं. परदेशांतील मुख्य चित्रकाराकडून नमुना यावयाचा, त्याबरहुकूम यानें पिंप करावयाचें, तें तपासून परत आलें कीं पुन्हां दुरुस्त करावयाचें. दुसरा परीक्षक आहे. एकाच भिंतीवर शंभर वेळां धडकून नायक तींतून आरपार जातो कीं काय हें पाहणें, आणि गेलाच तर तसें टिपून ठेवणें, हें त्याचें काम. "दिवसभर खेळतोस, मौज आहे तुझी," असें मीं म्हणतांच तो हंसला. "गुरुजी, घरीं गेल्यावर मी एकहि खेळ उघडीत नाहीं."

हें ऐकल्यावर मी त्या मुलास घेऊन पेणला गेलों. गणपतीच्या कारखान्यांत मूळ मूर्ति घडविणारा हात एखादाच असतो. तिच्यावरून रबराचा साचा होतो आणि साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात. मग कोणी सांधे भरतो, कोणी कागदानें घांसतो, कोणी अंगाचा रंग देतो, पीतांबर रंगविणारा निराळा. सर्वांत शेवटीं डोळ्यांची आखणी. आखणी करणाऱ्याला सोंडेचें वळण बदलतां येत नाहीं, बैठक ठरवितां येत नाहीं; पण त्याच्या दोन रेषांनीं मूर्ति पाहूं लागते. तेथील एका आखणीवाल्यास मीं विचारलें, "हा कुंचला हातीं येण्यास किती दिवस लागले?" तो म्हणाला, "आठ वर्षें घांसकाम केलें, मग डोळे मिळाले." मुलानें भीत भीत विचारलें, "काका, तुम्ही स्वतःच्या मनाची मूर्ति कधीं केली नाहीं?" "करतों कीं! घरच्या चतुर्थीला, दर वर्षीं एक. ती विकायची नसते." परतीच्या एस्‌टींत मुलगा बराच वेळ गप्प होता.

मोठ्या कारखान्यांतहि साचा कोणाच्या हातीं राहील याचा नेम नसतो. फ्रान्सची यूबीसॉफ्ट कंपनी २००८ मध्यें पुण्यास आली, पुढें २०१८ मध्यें मुंबईसहि. सप्टेंबर २०२० मध्यें 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ सालच्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ति याच दोन शाखा करणार असें जाहीर झालें, तेव्हां आपल्या मुलांना केवढा अभिमान वाटला असेल! पण झलक पाहून लोकांनीं चित्रांना नांवें ठेविलीं, तारीख पुढें पुढें जात राहिली, मे २०२२ मध्यें तें काम कॅनडांतील मॉन्ट्रियलच्या शाखेकडे गेलें आणि जानेवारी २०२६ मध्यें कंपनीनें तो खेळच रद्द केला. पुण्यामुंबईचे हात कच्चे होते असें मी म्हणणार नाहीं. जेथें तें काम नेलें तेथूनहि तें बाहेर पडलें नाहीं. पण इतक्या जणांचीं इतकीं वर्षें ज्यांत गेलीं, तें कोणास दाखवितांहि येत नाहीं.

उलट पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें 'राजी' हा खेळ केला. राक्षसांनीं पळविलेल्या भावाच्या शोधार्थ निघालेली बहीण ही त्याची कथा. देखावे राजस्थानी वाड्यांचे, रंगांची धाटणी पहाडी चित्रांची, मधल्या पुराणकथा छायाबाहुल्यांच्या खेळासारख्या. २०१७ मध्यें त्यांनीं लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाहीं. संस्थापकांपैकीं एकीनें आपलें घर विकलें. खेळ २०२० मध्यें बाहेर आला आणि त्याच वर्षीं 'द गेम अवॉर्ड्‌स'मध्यें पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनांत त्याचें नांव लागलें.

हें सांगतांच मुलगा उसळून म्हणाला, "बघा गुरुजी, घर विकलें म्हणूनच झालें ना!" प्रश्न बिनतोड होता. मीं म्हटलें, "बाळ, त्या बाईंनीं आपलें स्वतःचें घर विकलें, आणि तेंहि धंद्यांत कांहीं वर्षें काढल्यावर, खेळ अर्धामुर्धा उभा राहिल्यावर. तूं वडिलांची वाडी विकतो आहेस, आणि तीहि पहिली इयत्ता शिकण्यासाठीं." तो चिडला. चिडणारच. पण वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र त्या क्षणीं सैल झालेला मीं पाहिला.

कोणाला वाटेल, मास्तर उगाच भिववितो. तर जानेवारी २०२४ मध्यें एकट्या मायक्रोसॉफ्टनें आपल्या खेळविभागांतील १९०० माणसें कमी केलीं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानें बंदी आली. माझ्या मतें ती योग्यच होती, पण त्या कंपन्यांत साधी नोकरी करणारीं मुलेंहि रस्त्यावर आलीं. म्हणून मीं सुचविलें तें एवढेंच : शिक्षण असें घ्यावें कीं, खेळांचा बाजार बसला तरी बँकेंत, इस्पितळांत, छापखान्यांत कोठेंहि हात चालेल. साधनांकरितां वाडी विकण्याचें कारण नाहीं; ब्लेंडर आणि गोडो यांसारखीं साधनें फुकट मिळतात. नोकरी देणारा प्रमाणपत्रापूर्वीं केलेलें काम पाहूं मागतो, असें सर्वांनीं एकमुखानें सांगितलें. तेव्हां पहिला खेळ लहान असावा आणि तो पुरा व्हावा. साऱ्या आरमाराचा खेळ एकट्यानें होत नाहीं.

वाडी आहे तशी राहिली. मुलगा संगणकशास्त्राच्या पदवीवर्गांत आहे. माझ्यावरचा त्याचा राग पुरता गेला आहे असें मी म्हणणार नाहीं. गेल्या दिवाळींत मात्र तो आपला खेळ घेऊन आला. आरमार नाहीं, इंग्रज नाहींत. एकच गलबत, समोर कुलाबा आणि पाण्याखालचे खडक. मीं तीन वेळां गलबत खडकावर घातलें. चौथ्यांदा त्यानें विचारलें, "गुरुजी, वरच्या कोपऱ्यांत ओहोटीची वेळ पाहिलीत का?" मीं ती पाहिलीच नव्हती. त्यानें खिशांतून वही काढली आणि लिहिलें : ओहोटीची खूण मोठी करणें.