विमान रद्द झाले, तर भरपाई केव्हा मिळत नाही?
(मंडळाच्या सभेतील भाषण)



मी सातवी शिकलेली बाई विमानावर बोलायला उभी राहिले, म्हणून हसू नका. आपण एस. टी.ने हिंडणाऱ्या, पण मुले आता दूर नोकरीला आहेत आणि आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला विमान उतरते.

२०१९ च्या नोव्हेंबरात मिरजगावी माझे वडील वारले. धाकटा भाऊ हैदराबादेस. तो विमानाने शिर्डीला उतरून दुपारपर्यंत पोचणार होता. पण त्या महिन्यात धूसर हवेमुळे शिर्डीची विमाने रद्द होऊ लागली होती. पुढे तर कित्येक दिवस बंदच राहिली. त्याचेही विमान रद्द झाले. तो मोटारीने सोलापूरवरून निघाला. आम्ही दिवस मावळेपर्यंत थांबलो. शेवटी चुलत्यांनी अग्नी दिला. भाऊ पोचला तो रात्री.

पुढे मीच त्याला म्हटले, "अरे, नुकसानभरपाई माग!" तिकिटाचे पैसे परत आले, भरपाई नाही मिळाली. मला तो अन्याय वाटला. मग भाचीकडून नियम वाचून घेतला, तेव्हा उलगडा झाला.

सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा हा नियम २०१० पासून आहे. कंपनीच्या दोषाने विमान आयत्या वेळी रद्द झाले, तर प्रवासाच्या वेळेप्रमाणे ५,०००, ७,५०० वा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे व इंधन आकार, यांतले जे कमी ते मिळते. पण तीन प्रसंगी मिळत नाही. एक, कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असेल तर: खराब हवा, पूर, दंगल, संप, सरकारी हुकूम. दोन, दोन आठवडे आधी कळवून दुसरे विमान किंवा पैसे परत देऊ केले असतील तर. तीन, तिकीट काढताना आपला नीट पत्ता-फोन दिला नसेल तर. बायांनो, हे तिसरे ध्यानात धरा. तिकीट काढून देणारा पुष्कळदा स्वतःचाच नंबर घालतो. आपला घालायला सांगा.

विमान रद्द झाले की कारण विचारा, ते लेखी मागा, आलेला संदेश पुसू नका. धुके असेल तर भांडू नका. वैमानिकच कमी पडले असतील तर गप्प बसू नका.

बापाचे शेवटचे दर्शन चुकले, त्याची भरपाई कोणत्याच नियमात नाही. पण धावपट्टी दिसत नसताना विमान नेले नाही, म्हणून भाऊ उशिरा का होईना, धडधाकट घरी आला. आता माझा राग गेला आहे.

एवढे बोलून मी खाली बसते.